लॉवेलची जुनी टोपोशीट आणि नकाशात न सापडणारा बत्तीस फुटांचा धबधबा

नकाशावेडा

मंडळी, सह्याद्रीच्या टोपोशीटांवर (जमिनीचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या सर्वेक्षण नकाशांवर) इथे भरपूर चर्चा झाली आहे, म्हणून या वेळी थोडं लांबचं गाव घेतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लॉवेल. मेरिमॅक नदीकाठचं गिरणीगाव. मी शेजारच्याच गावात राहतो, त्यामुळे नकाशात पाहिलेलं पायी जाऊन ताडता येतं.

यूएसजीएस, म्हणजे तिथलं सर्वेक्षण खातं, १८७९ साली स्थापन झालं. १८८४ पासून मॅसॅच्युसेट्सने खर्चात वाटा उचलून त्यांच्याकडून अख्ख्या राज्याची मोजणी करून घेतली. त्यातलीच ही लॉवेल शीट. १५ मिनिटं अक्षांश, १५ मिनिटं रेखांश. प्रमाण १:६२,५००, म्हणजे जवळजवळ एक इंचाला एक मैल. रंग तीनच: माणसाने केलेलं सगळं काळं, पाणी निळं, कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) तपकिरी. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली असल्याने रेघ इतकी बारीक की स्कॅन कितीही मोठं करा, कडा फुटत नाही. झाडी दाखवलेलीच नाही, हिरवा रंग पुष्कळ नंतर आला.

आता मुद्द्याचं. लॉवेल जन्मलं ते पॉटकेट धबधब्यामुळे. तिथे नदी मैलभरात साधारण ३२ फूट उतरते. बॉस्टनच्या भांडवलदारांनी १८२१ मध्ये ही जागा आणि तिथला जुना कालवा गुपचूप विकत घेतला, १८२२ मध्ये मेरिमॅक मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, १८२३ मध्ये पहिलं कापड निघालं. १८२६ ला चेम्सफर्डपासून तुटून वेगळं गाव झालं आणि १८३६ ला शहर. सगळा डोलारा त्या ३२ फुटांवर.

आणि शीटवर बघा तर धबधबा जवळपास नाहीच! कंटूर २० फुटांचे. ३२ फुटांच्या उतारात नदीला फार तर दोन रेषा आडव्या जाणार. तेवढ्या तर गावाबाहेरच्या कुठल्याही बिनमहत्त्वाच्या टेकाडाला असतात. ज्याला गोष्ट माहीत नाही, त्याची नजर आधी त्या टेकड्यांवरच जाईल.

धबधबा वाचायचा असेल तर तपकिरी रेषा सोडा आणि निळ्या धरा. नदी धबधब्यानंतर उत्तरेकडून मोठं वळण घेते. त्या वळणाच्या पोटात कालव्यांचं जाळं आहे, सगळे मिळून साडेपाच मैलांच्या आसपास. नदीपासून फुटतात, गावात शिरतात, एकमेकांना काटकोनात भेटतात आणि पुन्हा नदीला किंवा कॉन्कॉर्ड नदीला मिळतात. निसर्गातला ओढा असा कधी वळत नाही. कालव्याच्या आणि नदीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत लांबलचक काळे आयत दिसतात, त्या गिरण्या. दोन पाण्यांच्या मध्ये गिरणी दिसली की समजायचं, उंचीतला फरक इथे आहे.

शीट फुकट मिळते. यूएसजीएसने १८८४ पासूनच्या पावणेदोन लाखांवर जुन्या शीटा स्कॅन करून टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. कुणी या भागाच्या इतर शीटा पाहिल्या असतील तर लिहा.

---

सह्यकडा

वाचनखूण साठवली. कंटूरपेक्षा कालवे वाचा, हे पटलं. आपल्याकडे गडाच्या कातळटाक्या टोपोशीटवर दिसत नाहीत तसलाच प्रकार.

---

पाटकरी

उत्तम धागा. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यामुळे एक शंका. ३२ फूट एकाच जागी वापरले की वाटून? कारण तुम्ही म्हणता गिरण्या गावभर आहेत. एका गिरणीने सगळी उंची खाल्ली तर खालच्याला काय राहणार?

---

नकाशावेडा

पाटकरी साहेब, नेमका प्रश्न. पाणी दोन पातळ्यांत वाटलं होतं. मूळ पॉटकेट कालवा १७९६ चा. न्यू हॅम्पशायरमधून येणारं लाकूड धबधबा टाळून खाली समुद्राकडे नेता यावं म्हणून खोदलेला. तो दक्षिणेकडून वळसा घालून कॉन्कॉर्ड नदीत उतरतो. मध्यावर स्वॅम्प लॉक्स नावाची झडपांची जागा आहे, तिथे १३ फुटांची पायरी. पुढे लोअर लॉक्सला १७ फुटांची. झाले ३० फूट.

पहिल्या कंपनीने, म्हणजे मेरिमॅकने, स्वतःच्या वेगळ्या कालव्याने वरच्या पातळीचं पाणी थेट नदीपर्यंत नेलं आणि पूर्ण ३० फूट घेतले. नंतर आलेल्यांना वाटणी. हॅमिल्टन आणि ॲपलटन या कंपन्यांच्या गिरण्या वरच्या आणि खालच्या पातळीच्या मध्ये, त्यांना १३ फूट. बूट आणि मॅसॅच्युसेट्स या कंपन्या खालच्या पातळीवर, त्यांना १७. शीटवर कोणता आयत कोणत्या दोन निळ्या रेघांमध्ये आहे एवढं पाहिलं तरी कुणाच्या वाट्याला किती उंची आली ते सांगता येतं. नकाशावर एकही आकडा लिहिलेला नसताना.

विक्रीसुद्धा अशीच. ‘मिल पॉवर’ नावाचं माप होतं. ३० फुटांवर सेकंदाला २५ घनफूट पाणी म्हणजे एक मिल पॉवर. १७ फुटांवर त्यासाठी ४५.५ घनफूट द्यायचे आणि १३ फुटांवर ६०.५. उंची कमी तर पाणी जास्त. विकणारी कंपनी एकच, प्रोप्रायटर्स ऑफ लॉक्स अँड कॅनल्स. गिरणीवाले तिचे भागधारकही होते आणि गिऱ्हाईकही.

---

पाटकरी

वा! आमच्याकडे चारीवर किती तास पाणी, एवढंच मोजायचं. उंचीचा हिशोब कधी गिऱ्हाइकाला सांगितला नाही. पाणी मोजायचे कसे?

---

नकाशावेडा

त्यासाठीच जेम्स फ्रान्सिस हा इंजिनियर कालव्यात तरंगत्या नळ्या सोडून वेळ मोजत बसलेला असे. बारीक नळ्या, खाली वजन, वरचं टोक पाण्याबाहेर. लाकडी पन्हाळीतून नळी ठरावीक अंतर किती सेकंदांत जाते त्यावरून वेग काढायचा. कुणी करारापेक्षा जास्त ओढतंय का ते यातून कळे. फ्रान्सिस टर्बाइन म्हणतात ते याच्याच नावाचं. आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या अनेक वीजकेंद्रांत तीच जात बसवलेली आहे.

---

दगडधोंडा

थोडी भूशास्त्रीय भर. मेरिमॅकचा मार्ग शीटवर पाहिला तर विचित्र वाटतो. न्यू हॅम्पशायरमधून सरळ दक्षिणेला येते, बॉस्टनकडे निघाल्यासारखी, आणि लॉवेलच्या अलीकडे एकदम ईशान्येला वळून न्यूबरीपोर्टला समुद्र गाठते. हिमयुगापूर्वी ती खरोखरच बॉस्टनच्या बाजूला जात होती असं मानलं जातं. हिमनदीने आणलेल्या दगडमातीने जुनी दरी बुजली, नदीला नवीन वाट शोधावी लागली आणि ती वाट कठीण खडकावरून गेली. नवा मार्ग अजून घासून सपाट झालेला नाही, म्हणून धबधबा. नदी जुन्याच दरीतून वाहती तर लॉवेलला गिरणी आली नसती.

शीटवर त्याच काळाच्या दुसऱ्या खुणा म्हणजे गावाभोवतालची असंख्य छोटी तळी आणि पाणथळ जागा. निळे ठिपके आणि गवताच्या खुणा मोजायला बसलात तर दिवस जाईल. कोकणात किंवा देशावर एका शीटवर एवढी नैसर्गिक तळी दिसणार नाहीत.

---

रोखठोक

माफ करा, पण हे सगळं बॉस्टनवाल्यांनी आपसात बोलावं. मराठी संस्थळावर याचं काय काम?

---

लायब्ररीवाली

रोखठोक, काम आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेतला कापूस थांबला. लॉवेलच्या कित्येक मालकांनी गोदामातला कापूस चढ्या भावाने विकून टाकला आणि गिरण्या बंद केल्या. कामगार रस्त्यावर. त्याच वेळी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा म्हणून मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बे भरावाच्या शेअरांचा जुगार, दलाल प्रेमचंद रायचंद आणि १८६५ ला युद्ध संपताच सगळं कोसळणं, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. लॉवेलच्या त्या काळ्या आयतांमध्ये चात्या थांबल्या त्या वर्षांत वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आणि त्याआधी लॉवेलमध्ये जे सूत कातलं जात होतं तो कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. तिथलं जाडंभरडं कापड परत त्याच गुलामांना नेसवायला जायचं. नकाशात हे नाही, पण नकाशा पाहताना माहीत असावं.

---

रोखठोक

मान्य. लिहा.

---

इचलकरंजीकर

आमच्या गावाची शीट ४७ एल/६. पंचगंगा आहे, कापड आहे, पण तुमच्या लॉवेलसारखं काहीही दिसत नाही. कारण उघड आहे. आमच्याकडे यंत्रमाग १९०४ मध्ये आला, नंतरची सगळी वाढ विजेवर. यंत्रमागाला नदीची उंची लागत नाही, त्यामुळे तो गल्लीबोळात, घराच्या खालच्या मजल्यावर बसतो. टोपोशीटवर आमचा उद्योग म्हणजे नुसता दाट वस्तीचा ठिपका. नदी आम्हाला लागते ती प्रक्रिया-रंगाईला. त्यावरून जे भांडण चालतं तेही शीटवर दिसत नाही.

एक गंमत. आपली शीटही १५ मिनिटांचीच. पण आमची शीट जवळपास चौकोनी आणि तुमची उभट, असं का?

---

नकाशावेडा

रेखांश उत्तरेकडे एकमेकांच्या जवळ येतात म्हणून. तुमच्याकडे १६-१७ अंशांवर १५ मिनिटं म्हणजे आडवे साडेसव्वीस किलोमीटर. इथे साडेबेचाळीस अंशांवर जेमतेम साडेवीस. उंची दोन्हीकडे सारखीच, पावणेअठ्ठावीसच्या आसपास. कागदावर माझी शीट ४४ सेंटिमीटर उंच आणि ३३ रुंद भरते.

यंत्रमागाचं जे म्हणालात ते इथेही नंतर झालं. वाफ आली तशी गिरणीला नदीकाठ सोडता आला. मुंबईत तर पहिल्यापासून वाफच, म्हणून गिरणगाव नदीविना उभं राहिलं.

---

माळावरची

गिरण्यांवर सगळे बोलताहेत, आजूबाजूच्या शेतीवर कुणीच नाही. मला शीटचा दक्षिणेकडचा भाग जास्त आवडला. कॉन्कॉर्ड नदी किती संथ आहे ते बघा. दोन्ही काठांना मैलोन् मैल पाणथळ कुरणं. ही गवताची कुरणं शेतकऱ्यांचा जीव होती, जनावरांची वैरण तिथूनच यायची. नॉर्थ बिलेरिकाला गिरणीचं धरण होतं. वरच्या गावांचं म्हणणं, या धरणाने पाणी तुंबतं आणि आमची कुरणं कुजतात. उतारच इतका कमी की धरण हातभर उंच केलं तरी परिणाम कित्येक मैल मागे जाणार. १८६० ला विधिमंडळाने धरण उतरवायचा हुकूम काढला, मग चौकशी नेमली आणि १८६२ ला हुकूमच मागे घेतला. शेतकरी हरले.

या भांडणात १८५९ च्या उन्हाळ्यात नदी मोजायला शेतकऱ्यांच्या बाजूने गेला होता हेन्री डेव्हिड थोरो. गांधीजींमुळे आपल्याला सविनय कायदेभंगाचा थोरो माहीत आहे, पण त्याचं पोटापाण्याचं काम जमीनमोजणीचं होतं. १८३४ च्या एका जुन्या आराखड्याची नक्कल उतरवून त्यावर त्याने खोली, गवत, पूल, उथळ जागा असं सगळं बारीक अक्षरात भरलं. यूएसजीएसच्या शीटवर जिथे नुसती निळी पट्टी आहे, तिथे त्याच्या कागदावर नदीचा तळ आहे.

---

नकाशावेडा

माळावरची, फार छान. त्याच धरणाची आणखी एक भानगड आहे. १८०३ ला मेरिमॅकपासून बॉस्टनपर्यंत २७ मैलांचा मिडलसेक्स कालवा सुरू झाला, त्याचा माथा नेमका नॉर्थ बिलेरिकाला. कॉन्कॉर्डचं पाणी तिथून दोन्ही बाजूंना उतरायचं, एक फाटा लॉवेलकडे, एक बॉस्टनकडे. कालव्याला नदी आडवी ओलांडायची होती, म्हणून घोड्यांसाठी पाण्यावर तरंगती वाट केली होती. १८३५ ला बॉस्टन-लॉवेल रेल्वे आली आणि कालवा पंधरा-वीस वर्षांत मेला. रेल्वेचे रूळ आणि इंजिनांचे भाग सुरुवातीला याच कालव्यातून वाहून आणले, बिचाऱ्याने स्वतःचं मरण स्वतःच ओढून आणलं.

---

क्यूजीआयएसवाला

ज्यांना ही शीट आजच्या नकाशावर बसवायची आहे त्यांच्यासाठी. टोपोव्ह्यूवरून जिओटिफ (जागेचे अक्षांश-रेखांश जोडलेली स्कॅन) घेतलीत तर ती आधीच बसवलेली असते, पण लॉवेलच्या मध्यात पन्नासेक मीटर सरकलेली वाटली तर घाबरू नका. १ मिलिमीटर म्हणजे इथे जमिनीवर ६२.५ मीटर. अर्ध्या मिलिमीटरची काळी रेघ म्हणजेच तीस मीटरचा रस्ता! शिवाय ही मोजणी १९२७ च्या डेटमच्या (अक्षांश-रेखांश मोजायच्या ठरलेल्या आधाराच्या) आधीची आणि कागद आकसतो तो वेगळाच.

स्वतः बसवायची असेल तर चार कोपरे आणि दर ५ मिनिटांच्या खुणा धरा. नंतर तपासायला रेल्वेचे फाटे आणि पूल घ्या. नदीचा काठ कधीही घेऊ नका. आणि कंटूरवर फार भरवसा नको. प्लेन टेबल (तिवईवरचा नकाशाफलक) आणि ॲलिडेडने (त्यावरून नेम धरायच्या पट्टीने) थोड्याच जागांची उंची मोजलेली असते, मधली रेषा मोजणीदाराने समोर बघून हाताने ओढलेली. टेकडीचा आकार चांगला पकडतात, पण रेषेची जागा अंदाजाची.

---

लायब्ररीवाली

एक सावधगिरीची सूचना. नंतरच्या आवृत्त्या, म्हणजे १:२४,००० किंवा १:२५,००० च्या, लावून तुलना करताना फसायला होतं. त्यांत दाट वस्ती गुलाबी छटेने भरलेली असते आणि त्या छटेत घरं दाखवतच नाहीत, फक्त शाळा, चर्च, मोठ्या इमारती. लॉवेलमधलं लिटल कॅनडा, क्वेबेकहून आलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या गिरणी कामगारांची वस्ती, १९६० च्या दशकात शहर नूतनीकरणात जमीनदोस्त झाली. मेरिमॅक कंपनीच्या गिरण्या आणि कामगार मुलींची वसतिगृहंही त्याच सुमारास पाडली. गिरण्या गेलेल्या कळतात, कारण त्या मोठ्या इमारती. वस्ती गेलेली कळत नाही. आधीही गुलाबी, नंतरही गुलाबी.

वस्ती बघायची तर सॅनबॉर्न कंपनीचे आगीच्या विम्याचे नकाशे हवेत. ५० फुटांना एक इंच. विटांचं घर गुलाबी, लाकडाचं पिवळं, मजले किती, जिना कुठे, गिरणीत पाण्याची टाकी कुठे, सगळं. विमा कंपन्यांना पैसे बुडण्याची भीती होती, म्हणून त्यांच्यासाठी सरकारपेक्षा बारीक नकाशे निघाले.

---

सह्यकडा

+१. म्हणजे डोंगराला टोपोशीट, वस्तीला विमा.

---

चहाबाज

जांभळ्या रंगाचं काय? मी एक नंतरची शीट उतरवली, त्यात हायवे जांभळा आहे.

---

क्यूजीआयएसवाला

जांभळा म्हणजे जागेवर न जाता हवाई छायाचित्रांवरून केलेली दुरुस्ती. मूळ छपाई तशीच ठेवून फक्त नवीन गोष्टी जांभळ्यात भरत. वेळ आणि पैसा वाचायचा. आपल्याला फायदा असा की एकाच कागदावर दोन काळ वेगळे दिसतात.

---

पाटकरी

शेवटचा प्रश्न. एवढे कालवे गावात घेतले, तर पुरात सगळं गाव बुडणार. वरच्या तोंडाला दरवाजा कुठे?

---

नकाशावेडा

आहे. पॉटकेट कालव्यावर, मुखापासून थोडं खाली, गार्ड लॉक्सला. फ्रान्सिसने १७८५ च्या पुराच्या खुणा शोधून काढल्या आणि तेवढा पूर पुन्हा आला तर कालव्यातून थेट गिरण्यांवर येईल असं मालकांना सांगितलं. १८५० ला त्याने कालव्यावर लाकडाचा अजस्र दरवाजा टांगून ठेवला. लोकांनी त्याला ‘फ्रान्सिसचा वेडेपणा’ म्हटलं. दोनच वर्षांनी, एप्रिल १८५२ मध्ये, पूर आला. लोखंडी कडी छिन्नीने तोडून दरवाजा खाली पाडला, गाव वाचलं. नंतर १९३६ च्या मार्चमध्ये पुन्हा तोच पाडावा लागला.

१:६२,५०० वर तो दिसायचा प्रश्नच नाही. पण पॉटकेट कालव्याच्या निळ्या रेघेवर बोट ठेवून धबधब्याच्या वरून खाली या. नदीपासून फुटल्यावर पहिली झडपांची जागा तीच. मोठ्या प्रमाणातल्या सॅनबॉर्न नकाशात ती सापडते का, हे लायब्ररीवाली बघतील का? माझ्याकडे त्या भागाचं पान नाही.

---

लायब्ररीवाली

बघते. पॉटकेटच्या बाजूची पानं उघडते आणि मिळालं तर कोपरा कापून इथेच चिकटवते. आणि पाटकरी काका, तोवर तुम्ही तुमच्या एखाद्या जुन्या कालव्याची शीट टाका, उंची कुठे वापरली आहे ते आपण निळ्या रेघांवरून ओळखायचा प्रयत्न करू.